तिच्या नावाचा घाट

माझी बायको वारल्यावर कॉलनीने तिच्या नावाने तळ्यावर घाट बांधला, आणि त्या घाटानेच तिचं तळं नासलं. कॉलनीत हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बोलून उपयोग तरी काय?

आमची कॉलनी शहाद्याबाहेर, म्हसावदच्या रस्त्याला. पूर्वी इथे कापसाची शेतं होती आणि त्यांच्यामागे गावाचं जुनं तळं. प्लॉट पडले, सिमेंटचे रस्ते झाले, आणि जे पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं ते नालीतून धावत तळ्यात पडायला लागलं. येताना सगळं घेऊन यायचं: गॅरेजचं काळं ऑइल, ट्रॅक्टर धुतल्याचा चिखल, शेण, चहाचे कप. दर पावसाळ्यात तळं काळवंडायचं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आयुष्यभर स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरांवर ओरडलो. त्यामुळे मला एकच उपाय सुचायचा, नगरपालिकेत जाऊन आवाज चढवायचा. तो मी करून पाहिला. तिथल्या लोकांनी मला चहा पाजून घरी पाठवलं.

माझी बायको सारंगखेड्याची, तापीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या माहेरी पावसाचं पाणी विहिरीत सोडायच्या आधी खड्ड्यात थांबवायचे. गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी पुढे जायचं. नालीच्या तोंडाशी तिने तसाच एक रुंद खड्डा खणून घेतला, आणि खड्डा व तळं यांच्यामधल्या पट्ट्यात वाळा आणि लव्हाळं लावलं. मी हसलो. गवत काय ऑइल पिणार आहे का, असं विचारलं.

ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "पाव्हनाले पहिले ओटावर बसाडतस, मंग घरमा लेतस. पानीनं बी तसंच शे."

दोनेक पावसाळ्यांत पाणी खरंच निवळलं. दर उन्हाळ्यात ती स्वतः उभी राहून खड्ड्यातला गाळ काढून घ्यायची, आणि त्यात मलाही सोडायची नाही. घमेली उचलताना मी कुरकुरायचो, आणि तिला ते ऐकूच यायचं नाही. काठावरून मासे दिसायला लागले तेव्हा मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली. चारचौघांत तिने माझा हात धरला तो तेवढा एकदाच. आज मला तिच्या चेहऱ्यापेक्षा तो हातच जास्त आठवतो, त्याला मी काय करू.

श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई बसते. नारळाला साज चढवून देवी मांडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायका तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर नेतात, न्हाऊ घालतात. तळं निवळल्यापासून कॉलनीतल्या कानबाया तिथेच जायला लागल्या. लव्हाळ्यातून उतरताना चिखलात पाय घसरायचे. त्यावर ती एकदा हसून म्हणाली होती, दोन पायऱ्या असत्या तर बरं झालं असतं. बोलली आणि विसरूनही गेली. बायकांनी मात्र ते लक्षात ठेवलं.

पौषात काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली. तेरावं आटोपल्यावर मुलगी मला सुरतेला घेऊन गेली. मी परतलो तेव्हा उन्हाळा संपत आला होता. स्टँडवर घ्यायला आमच्या कॉलनीचे अध्यक्ष स्वतः आले होते. ते कापडाच्या दुकानाचे मारवाडी शेठ. घरात मारवाडी बोलतात, बाहेर आमच्यासारखी अहिराणी. त्यांनी मला घरी न नेता थेट तळ्यावर नेलं. सगळी कॉलनी तिथे जमली होती.

नालीच्या तोंडाशी फरशीच्या रुंद पायऱ्या पाण्यापर्यंत उतरल्या होत्या. दोन्ही बाजूंना पेव्हर ब्लॉक, वर संगमरवरावर तिचं नाव. नाली दिसू नये म्हणून तिचा पाइप पायऱ्यांखालून सरळ तळ्यात काढला होता. वाळ्याचं, लव्हाळ्याचं एक पातं शिल्लक नव्हतं.

"खड्डा कोठे गया?" मी विचारलं.

"बुजी टाका ना, भाऊ," शेठ म्हणाले. "वहिनीना नावना दगड, नि त्याना बाजूले तो चिखल, बरं दिखस का? वहिनीनीच इच्छा व्हती पायऱ्यास्नी. नारळ तुम्हीच फोडा."

बायका डोळे पुसत होत्या. मी नारळ फोडला. मान वर न करता मी त्याचे तुकडे गोळा करत राहिलो, आणि सगळ्यांना वाटलं मी भारावलोय. मी संतापलो होतो. पण ओरडणार कुणावर? मी सुरतेला तोंड लपवून बसलो असताना ज्यांनी तिची आठवण ठेवली, त्यांच्यावर? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

पावसाळा लागला. कॉलनीचं सगळं पाणी कुठेही न थांबता तळ्यात जाऊ लागलं. आषाढात पाण्यावर ऑइलचा तवंग आला, मग मासे पोट वर करून काठाला लागले. मी एकदा शेठच्या दुकानात गेलो, सगळं सांगायचं ठरवूनच. त्यांनी गल्ल्यावरून उठून मला गादीवर बसवलं, तिच्याबद्दल बोलता बोलता ते चष्मा काढून पुसायला लागले. मी तसाच परत आलो.

श्रावणात कानबाया निघाल्या. ती जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून आमच्या घरी कानबाई बसली नव्हती, मी नुसता काठावर उभा होतो. बायका कानबाईला डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर थांबल्या. पाण्याला वास येत होता. कुणी पदर नाकाला लावला. मग आमच्या शेजारच्या आजींनी मला हाक मारली.

"भाऊ, तुमना नळले पानी शे का?"

मी घरातून बादली भरून आणली. त्या पायरीवरच, आमच्या नळाच्या पाण्याने त्यांनी कानबाईला न्हाऊ घातलं. आरती झाली. आजी चढून वर आल्या, दगडावरच्या नावाला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "घाट देखीसन वहिनी कितली खूश व्हई जाती."

मी रिकामी बादली उचलली आणि म्हणालो, "हा, आजी. भलती खूश व्हई जाती."