एकसारखं न जमणारी विल्डा

"तेच तेच रंग पाहून माझे डोळे आंबले!" विल्डा धक्क्यावर ओरडत होती. मी शेजारी खेकडे सोलत होते. कान झाकायला हात मोकळे नव्हते.

"आंबले तर खाऱ्या पाण्यानं धू," तिचा धाकटा भाऊ एल्ड्रिज म्हणाला. "माझे बोये का बाटवलेस?"

अमेरिकेच्या मेन किनाऱ्यालगतच्या आमच्या बेटावर शेवंडं धरायचे पिंजरे पाण्याखाली असतात, वर दोरीला खुणेचा तरंगता बोया. ज्याचा त्याचा रंग ठरलेला, बापाकडून आलेला. एल्ड्रिजचा पिवळा, पांढऱ्या पट्ट्याचा. विल्डाला पांढरा मिळमिळीत वाटला, तिनं हिरवा मारला. पिवळ्यावर हिरवा म्हणजे बेटावरच्याच हॅस्केलचा. त्याला वाटलं, आपले रंग लावून कुणी आपल्या जागेत चोरी करतंय. त्यानं दोऱ्या कापल्या, पिंजरे तळालाच हरवले.

"यापुढं कागद रंगव," एल्ड्रिज म्हणाला. "कागद बुडाला तर कुणी उपाशी मरत नाही."

रंगवायची ती आधीपासूनच; आता फळ्याही कोरायला लागली. बोटी, धक्का, आमची थोबाडं. फळीला शाई लावून वर कागद ठेवायचा नि चमच्याच्या पाठीनं घासायचा. माझे दोन चांगले चमचे त्यात गेले. पोर्टलंडचा एक दुकानदार तिचे ठसे घ्यायचा. बेटाबाहेर तिची चित्रं बघणारा तेवढाच. त्याला एका फळीचे सगळे ठसे सारखे हवेत, आणि तिथंच घोडं पेंड खायचं. पहिल्यात आभाळ स्वच्छ, दुसऱ्यात वारा, तिसऱ्याला फळीच नव्यानं कोरलेली. निम्मे परत यायचे. मग ही घरभर येरझारा घालायची.

"अगं, बिस्किटं करतेस तसे कर, सगळे सारखे."

"माझी बिस्किटं खाल्लीस कधी?"

"खाल्ली. म्हणून तर दात गेले."

तिच्या शेवटच्या पानगळीत दुकानदारानं कळवलं, यंदा वेगळे निघाले तर पुन्हा पाठवू नका. विल्डा घाबरली. पटाशी माझ्याकडे ठेवायला दिली, दात-ओठ खाऊन सगळे ठसे सारखे काढले. पुडकं टपालाच्या होडीवर द्यायला मी धक्क्यापर्यंत सोबत गेले. तिला दम लागत होता.

होडी यायची होती. ती उपड्या पिंजऱ्यावर बसली नि पुडक्याची दोरी सोडली.

"विल्डे, बांध ते!"

"बघते नुसतं." खिशातून ब्रश नि रंगाची डबी निघालीच. "पाणी बघ, सकाळचं राहिलंय का ते?"

प्रत्येक कागदावर वेगळं पाणी चढत गेलं. होडी लागली.

"काकू, आजही?" होडीवाला हसला.

"दम धर रे, दोनच राहिलेत."

त्यानं दम धरला. तिनं फुंकून फुंकून वाळवलं, बांधलं, त्याच्या हातात दिलं.