सासऱ्यांनी निवळलेली बिअर

बिअर पारदर्शकच असली पाहिजे असा कायदा ब्रिटनमध्ये नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी नव्हती. नॉटिंगहॅमच्या आमच्या गॅरेजमध्ये मी स्वतः केलेली चाळीस पाइंट बिअर चवीला फर्स्ट क्लास होती (माझ्या मते, दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं), पण दिसायला थेट कटाची आमटी!

गेल्या वर्षी अलॉटमेंटवरच्या (म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या भाजीच्या वाफ्यांवरच्या) मेळाव्यात शेजारच्या कॉलिनने माझा ग्लास उजेडात धरून, "कसलं सूप आहे हे?" असं चारचौघांत विचारलं होतं. यंदा तिथे घरगुती बिअरची स्पर्धा, आणि परीक्षक तोच! ग्लासाच्या पलीकडून त्याचं नाक स्वच्छ दिसलं पाहिजे, असा मी पणच केला.

"दोन आठवडे थंडीत ठेव, गाळ आपोआप बसेल," कॉलिन कुंपणावरून म्हणाला. स्पर्धा तीन दिवसांवर आली होती. मग त्याने एक बाटली पुढे केली. माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेलं औषध! चमचाभर घातलं की गाळ तळाला.

"मासा?" माझी बायको मेधा कडाडली. "मी व्हेजिटेरियन आहे, आणि गॅरेज पण माझ्याच घरात येतं, कळलं?"

तेवढ्यात तिचे वडील पुढे सरसावले. अण्णा साताऱ्याहून महिनाभरासाठी आले होते. दारूच्या थेंबालाही आयुष्यात शिवलेले नाहीत, पण नोकरीची तीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढलेली!

"जावईबापू, हे काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही. गढूळ आहे ना? मग तो माझा विषय!"

त्यांनी आपला कोरा पंचा चौपदरी करून रिकाम्या पिंपावर बांधला. मी ओतत होतो, अण्णा "सावकाश! सावकाश!" ओरडत होते. फेस गेला, अर्धा पाइंट माझ्या चपलेत गेला, गाळ मात्र इमानदारीने बिअरबरोबर खाली उतरला.

"अण्णा, हवा लागली की बिअर बिघडते म्हणतात."

"कोण म्हणतं? आम्ही पाण्याला मुद्दाम हवा द्यायचो!"

मग त्यांनी दाढीच्या डब्यातून तुरटीचा खडा काढला आणि पिंपात गरागरा फिरवायला सुरुवात केली. चार फेऱ्या पुरे झाल्या असत्या, पण अण्णांना पुराचं पाणी आठवलं. आत गेला तेव्हा खडा लिंबाएवढा होता, बाहेर आला तो वाटाण्याएवढा!

सकाळी बघतो तर चमत्कार! पिंपाचा तळ दिसत होता. अण्णांचे डोळे भरून आले.

"पिण्यायोग्य," त्यांनी जाहीर केलं. चाखली कुणीच नाही. अण्णा पीत नाहीत, मेधाला वास सोसत नाही, आणि मी? तीस वर्षांच्या अनुभवावर अविश्वास दाखवू?

मेळाव्यात कॉलिनने ग्लास उजेडात धरला. "ब्रिलियंट! यातून पेपर वाचता येईल!" अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मग कॉलिनने घोट घेतला. त्याचे गाल आत गेले, ओठांची पुरचुंडी झाली, आणि जीभ टाळ्याला चिकटून बसली.

"काय म्हणतोय?" अण्णांनी विचारलं.

"चव वेगळी आहे म्हणतोय."

लोक हसायला लागले. मी माघार घेऊ? छे! पडलो तरी नाक वर, हा आमच्या घराण्याचा बाणाच आहे. मी सगळ्यांसमोर खुर्चीवर चढलो आणि अख्खा पाइंट एका दमात रिचवला! "आमच्याकडे बिअर अशीच लागते!" असं ठणकावून सांगणार होतो, पण तोंडातून फक्त शीळ निघाली.

निकाल लागला. रूपाला दहापैकी दहा, चवीला शून्य. अण्णांनी फक्त पहिला आकडा ऐकला आणि टाळ्या वाजवल्या. उरलेली बिअर मी ओतून द्यायला निघालो, तर मेधाने हात धरला. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण माझं तोंड सलग दोन तास बंद राहिलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं!