आय-ऐंशीवर दोन पीएचडी आणि एक बंद पडणारी गाडी

आई पहिल्यांदाच विमानात बसणार होती, म्हणून आम्ही निघालो. एरवी शिरीषच्या त्या गाडीतून मी कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा गेले नसते.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी संख्याशास्त्र शिकत होते आणि आई दिवाळीसाठी कराडहून एकटी माझ्याकडे येत होती. तिचं इंग्रजी म्हणजे 'येस' आणि 'थँक्यू'. विमान शनिवारी दुपारी दोनला न्यूयॉर्कला उतरणार होतं. मी पत्रात तीनतीनदा बजावलं होतं, बाहेर आलीस की मी समोर उभी असेन, तू अजिबात हलायचं नाहीस. तिचं उलटटपाली उत्तर आलं: मी हलत नाही, पण मला ज्या गाडीतून आणणार तिची दसऱ्याला पूजा कर. केली बाई. पार्किंग लॉटमध्ये बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू, फुलं, अगरबत्ती, सगळं यथासांग. शिरीष म्हणाला, "हा निव्वळ अडाणीपणा आहे," आणि तीन पेढे खाऊन गेला.

शिरीष पुण्याचा, त्याचा रूममेट दिलीप नागपूरचा. इंजिनात पेट्रोल नेमकं कसं जळतं यावर दोघंही पीएचडी करत होते, सरकारी अनुदानावर. गाडी चौदा वर्षांची, होडीएवढी लांब. त्या आठवड्यात तिला नवीनच खोड लागली होती. पळताना ठीक असायची, पण थांबली की थरथरायची आणि बंद पडायची.

"आयडलिंगचा प्रॉब्लेम आहे," दिलीपने सांगितलं. म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन आपल्या जिवावर सुरू राहत नव्हतं.

आठवडाभर दोघं राबले. प्लग बदलले, कार्बुरेटर धुतला, वहीत आलेख काढले. गॅरेजमध्ये मात्र नेली नाही. इंजिनावर पीएचडी करणाऱ्याने मेकॅनिकपुढे हात जोडायचे म्हणजे काय! मी म्हटलं बसने जाऊ, तर दोनदा बस बदलायची होती आणि आईच्या सामानासकट परत येणं मला झेपलं नसतं.

सकाळी सहाला निघालो. तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबरातच जा. आय-ऐंशी या हायवेवर दोन्ही बाजूंचे डोंगर लालपिवळे झालेले असतात आणि तासन् तास सिग्नल लागत नाही. त्या रस्त्यावर आमची गाडी गुणी बाळासारखी धावत होती. न्याहारीला ट्रकवाल्यांच्या एका हॉटेलात थांबलो. पॅनकेक चांगले होते, कॉफी म्हणजे कोमट पाणी, आणि शाकाहारी काय आहे विचारल्यावर बाईने "टर्की" सांगितलं. शिरीष खायला आत आलाच नाही. इंजिन बंद पडू नये म्हणून तो अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडीतच बसला आणि त्याचे पॅनकेक मी खिडकीतून दिले.

न्यू जर्सीच्या हद्दीवर नदीकाठी एक सुरेख जागा आहे. तिथे पाच मिनिटं थांबायचं होतं. गाडी बंद पडली आणि शिरीषने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर इतका दाबला की इंजिनात पेट्रोलच पेट्रोल झालं. मग ते वाळेपर्यंत पाऊण तास बसलो. नदी बघून घे, दोघं म्हणाले. बघितली.

पेट्रोल भरायला हायवे सोडला आणि खरा तमाशा सुरू झाला. प्रत्येक सिग्नलला गाडी बंद. दिलीप स्क्रू ड्रायव्हर घेऊन उतरायचा, बॉनेट उघडायचा आणि एक स्क्रू पाव फेरा पिळायचा. मागचे लोक हॉर्न वाजवून त्याचा सत्कार करायचे.

"मिक्श्चर लीन आहे, हवा जास्त होतेय," दिलीप.

"रिच आहे यार, पेट्रोल जास्त, वास येतोय बघ," शिरीष.

"दोघांचं मिळून एक डोकं असतं तर बरं झालं असतं," मी म्हटलं. घड्याळात दीड वाजला होता. "तिकडे माझी आई उतरतेय. मला कराडची एसटी चालली असती, निदान तिच्या ड्रायव्हरला आपण पीएचडी नाही हे ठाऊक असतं."

"नंदू, कायले चिडते? होते दुरुस्त," दिलीप म्हणाला.

"कधी? तुझा प्रबंध छापून आल्यावर?"

मी तोंडाला येईल ते बोलत होते, पण लक्ष सगळं विमानतळाकडे होतं. आईला इथला फोन लावता येत नव्हता. मी दिसले नाही तर ती कुणाला काय विचारणार होती?

न्यू जर्सीत पेट्रोल आपल्या हाताने भरू देत नाहीत. ते भरायला साठीचा एक माणूस आला. गाडीने त्याच्यासमोर दोन आचके दिले आणि मान टाकली. मी उतरले आणि या दोघांना न विचारता त्याच्यापुढे हात जोडले, अक्षरशः. माझी आई एकटी आहे, एवढंच सांगता आलं.

त्याने बॉनेट उघडलं, शिरीषला गाडी सुरू करायला लावली आणि कान खाली नेला. काहीही न पिळता, न मोजता तो नुसता ऐकत होता.

"हवा ओढतेय. एक रबरी नळी निघालीय," तो म्हणाला. कार्बुरेटरच्या खाली पेन्सिलीएवढं तोंड उघडं होतं. त्यात चिमटा घालून त्याने काहीतरी बाहेर काढलं. बांबूची बारीक काडी. त्याने ती नाकाशी धरली.

"चर्चसारखा वास येतोय."

ती माझ्या अगरबत्तीची काडी होती. दसऱ्याच्या दिवशी वारा होता आणि अगरबत्ती कुठेच उभी राहत नव्हती. तिथे एक नळी होती, ओढली तर निघाली, आणि आत कसं अगदी मापाचं भोक. मी मोठ्या कौतुकाने काडी त्यात खोचली होती. नळी परत बसवायची असते हे मला कोण सांगणार? इंजिनवाले पेढे खात होते.

त्याने नळी दाबून बसवली, दिलीपने पिळलेले स्क्रू जागेवर आणले आणि पेट्रोलपलीकडे एक सेंट घेतला नाही. इंजिन मांजरासारखं गुरगुरत राहिलं.

"लीनच होतं," गाडी हायवेला लागल्यावर दिलीप म्हणाला.

न्यूयॉर्कला जाणाऱ्या पुलाच्या टोलपाशी तासभर रांगेत होतो. गाडी एकदाही बंद पडली नाही. विमानतळावर पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. आई दाराबाहेर आपल्या ट्रंकेवर बसली होती, नऊवारी, स्वेटर आणि पायात कॅनव्हासचे बूट. एक पोलीस तिला हात करून बाकाकडे चल म्हणत होता. ती 'थँक्यू' म्हणत होती आणि जागची हलत नव्हती. मला बघितल्यावर म्हणाली, "तू सांगितलंस हलू नको. मला बाथरूमला जायचंय गं." मी तिथेच रडले.

परतीच्या वाटेत तिने विचारलं, "पूजा केली होतीस ना?" दोघं विद्वान समोर रस्त्याकडे बघत होते. दिवसभर मी त्यांना सोललं होतं आणि आता माझी पाळी होती. शिरीष म्हणाला, "केली होती मावशी. अगदी मनापासून." एवढंच. त्याबद्दल मी त्याला आजही मानते, इंजिनाबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मला राहवलं नाही. मी आईला सगळं सांगितलं: नळी, काडी, सिग्नल, माझ्यामुळे तिला किती वेळ ताटकळावं लागलं ते. तिने कपातला चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"एवढं शिकलात तिघं," ती म्हणाली. "अगरबत्ती खोचायला घरात एक केळं नव्हतं?"