अंगठ्याचा आवाज

आमचे शेजारी विश्वनाथराव शाळेतून निवृत्त झाले, पण त्यांचं शिकवणं काही सुटलं नाही. भुतंखेतं कशी खोटी, हे सांगायला ते गावोगावी जात आणि गाडी चालवायला मी असे. फुकटचा ड्रायव्हर, दुसरं काय!

त्यांची लाडकी गोष्ट अमेरिकेतली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्या एका खेड्यात दोन बहिणींच्या घरात ठकठक ऐकू येऊ लागली. मेलेली माणसं त्यातून उत्तरं देतात म्हणे. बघता बघता देशभर लोक मेलेल्यांशी बोलायला टेबलाभोवती बसू लागले. चाळीस वर्षांनी त्या बहिणींतल्याच एकीनं भर सभेत कबूल केलं, की तो आवाज पायाच्या अंगठ्याचा होता. एवढं सांगून विश्वनाथराव लाकडी स्टेजवर स्वतःचा अंगठा वाजवून दाखवत. "तरी लोक मानतच राहिले," असं वर चिडून म्हणत.

गेल्या वर्षी कुहीजवळच्या एका गावात हा कार्यक्रम झाला. त्यांच्या पत्नी पुष्पलतावहिनी नेहमीसारख्या स्टेजवर शेजारच्या खुर्चीत होत्या. प्रयोग संपला आणि तारा नावाची म्हातारी उठली. बाजूला तिची विधवा सून रितिका खाली मान घालून बसली होती.

"गुरुजी, माह्या पोराच्या पिंडाले कावळा शिवत नव्हता. सुनेचं दुसरं लग्न करणार नाही म्हटलं, तेव्हा शिवला. आता पोरीले चांगलं स्थळ आलं जी. त्याले विचारून द्या ना, वचनातून सोडतो का म्हणून. एक ठक म्हणजे हो."

मी कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी!

"माय, कोणी येत नसते," विश्वनाथराव म्हणाले. "कावळ्याले भूक लागली, तेव्हा तो आला. तू बिनधास्त लग्न करून दे."

"तो सांगन तेव्हाच करीन."

"मग ऐक, काहीच वाजणार नाही." त्यांनी सगळ्यांना दिसतील असे दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

ठक.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तारा हुंदके देऊन रडू लागली. विश्वनाथरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

कार्यक्रम आटोपून आम्ही परतलो. घरी वहिनींनी चपला काढल्या, लाकडी पाटावर पाय ठेवला आणि अंगठा वाजवला.

"इतके वर्ष पाहून राहिली तुमचं," त्या म्हणाल्या. "आलं मलेही."

विश्वनाथराव बघतच राहिले. बायकोनं आपल्याला असं फसवावं, हे त्यांच्या पचनीच पडेना. मग त्यांनी माझ्यापुढे हात केला. "किल्ली दे. मी आत्ता ताराले खरं सांगून येतो."

"जा ना," वहिनी म्हणाल्या. "पण पहिले रितिकाले सांगा."

ते किल्ली घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"काय वय असन गा त्या पोरीचं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"असन चोवीस-पंचवीस."

त्यांनी किल्ली माझ्या हातात परत ठेवली आणि वहिनींकडे न बघता आत निघून गेले.