हरळीच्या सऱ्या

शेजारच्या बंगल्यातलं विकतचं लॉन दोनदा वाळलं. आता ते लोक आमच्या अंगणातली हरळी मागायला येतात. मी देते, वर सल्लाही देते. पण हीच हरळी मी एकदा मुळासकट उपटली होती, हे त्यांना सांगत नाही. इथे लिहायला हरकत नाही, ते काही वाचणारे लोक नव्हेत.

माझं माहेर देवळाली प्रवरा. काळी जमीन, पाटाचं पाणी, नजर जाईल तिथवर ऊस. आमच्याकडे हरळी म्हणजे चोर. दिसली की खुरपं घालायचं. सासर भिंगारच्या कडेला, ओढ्याजवळ. जमीन इतकी रेताड की ओतलेलं पाणी तांब्या खाली ठेवायच्या आत गायब. मी विशीची, लग्नाला तीन महिने झालेले, आणि आपल्यासारखी कामसू सून भिंगारात दुसरी नाही हा माझा ठाम समज.

त्या चैत्रात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. तेव्हा आठ दिवस दवाखान्यात ठेवून घेत. नणंद त्यांच्याजवळ राहिली, घर माझ्या हाती आलं. म्हटलं, त्या येतील तेव्हा अंगण बघतच राहतील. दोन दिवस उकिडवं बसून सगळी हरळी खुरपली, ढीग कुंपणापाशी फेकला आणि कमरेवर हात ठेवून स्वतःवरच खूश झाले.

तिसऱ्या दिवशी वारं सुटलं. पिठात वाळू, अंथरुणात वाळू, दातांत वाळू. नागापूरच्या कारखान्यातली पहिली पाळी करून आमचे हे आले ते दारातच थांबले.

"हरळी कुठंय?"

"खुरपली. केवढी माजली होती."

त्यांनी कुंपणापाशीचा ढीग पाहिला. मग म्हणाले, "आईनं ओढ्यावरून आणून लावली होती, घरात फुफाटा येऊ नये म्हणून. आणि डॉक्टर म्हणालेत, महिनाभर डोळ्यात कण जाता कामा नये."

 आत्याबाई पाच दिवसांनी घरी येणार होत्या. त्या एका डोळ्याचा प्रश्न होता, आणि मी अख्ख्या ओढ्याची धूळ घरात सोडली होती.

धावत ढिगाशी गेले. वरच्या काड्या वाळून कोळ झाल्या होत्या, पण आतल्या कांड्यांची पेरं अजून हिरवी होती. हरळी ती, अशी थोडीच मरते. पण लावायची कशी? मला आयुष्यात एकच लागवड ठाऊक, उसाची. मग काय, कुदळीनं सरळ सऱ्या पाडल्या, दोन-दोन पेरांचं बेणं तोडलं, ओळीनं आडवं ठेवलं, वर माती लोटून टाचेनं दाबलं. पाणी दिवसाआड. दारांना ओली बारदानं लटकवली आणि ती सुकू नयेत म्हणून दिवसभर भिजवत बसले.

आत्याबाई आल्या त्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून; दुसऱ्या डोळ्यालाही अंधुकच दिसायचं, त्यामुळे येताना अंगण दिसलं नाही. आतल्या खोलीत खाटेवर पडल्या पडल्या विचारायच्या, "पोरी, बाहेर हरळी कशी हाय?"

"छान आहे, आत्याबाई."

"मंग ही बारदानं कशाला गं?"

"गारवा राहतो ना."

"लई हुशार हाईस," त्या म्हणायच्या.  त्या झोपल्या की बाहेर जाऊन रोज ओणवी होऊन कोंब बघायची. आठव्या दिवशी पहिली हिरवी टोकं दिसली. महिना होईस्तोवर सऱ्यांवर बारीक कुरळी लव चढली, वारा आला तरी माती बरीचशी जागच्या जागी राहू लागली.

महिना भरल्यावर डॉक्टरांनी डोळा तपासला, बरा आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी आत्याबाई काळा चष्मा लावून माझा हात धरून उंबऱ्याबाहेर आल्या. समोर सरळ रेषेत बारा सऱ्या, मध्ये उघडी रेती. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या.

"लागण झ्याक केलीस," त्या म्हणाल्या. "साखर कारखान्याला नोंद दिली का? तोडीला टोळी कधी येणार हाय?"

मी मान खाली घालून सगळं कबूल केलं. वर पाहिलं तर आत्याबाईंनी चष्मा काढला होता आणि पदरानं डोळा टिपत होत्या. 

"आत्याबाई, कण गेला का?"

"न्हाई गं बाई," त्या म्हणाल्या, "हसू आवरंना."