गोल कोपरे

काजवालीला स्वतःची गोळी स्वतःच्या हाताने घेणं कधी जमलं नाही. शर्टांची काजं करायला बसली की मान वर न करणारी बाई, पण बीपीच्या गोळीचं नाव काढलं की तिला नेमकं दुसरं काम आठवायचं. "मला काय धाड भरलीय?" हे तिचं ठरलेलं उत्तर. तिचे यजमान, शिवणकाम करणारे मास्तर, तिच्याहून सवाई. त्यांना साखरेचा आजार, आणि गोळीची आठवण केली की म्हणायचे, "आज गोड खाल्लंय कुठे?"

शेवटी दोघांनी आपसात तोड काढली. मास्तरांच्या गोळ्या तिच्या ताब्यात, तिच्या गोळ्या मास्तरांच्या. सकाळी उठल्याउठल्या टेबलावर दोन बश्या. त्यांच्या बशीत गोळी ठेवून ती म्हणायची, "घ्या." तिच्या बशीत गोळी ठेवून ते म्हणायचे, "घे." माणूस स्वतःला हवं तेवढं फसवतो, समोर कोणी पाण्याचा पेला धरून उभं राहिलं की मुकाट गिळतो. अकरा वर्षं एक दिवस चुकला नाही.

मास्तरांना एक खोड होती. पाकिटातून गोळी फोडून म्हणून द्यायचे नाहीत. आपल्या मोठ्या कात्रीने पाकिटाच्या पत्र्याचा गोळीसकट एकेक चौकोन कापायचे आणि कॉलरला गोलाई द्यावी तसे त्याचे चारी कोपरे गोल करायचे. बायकोच्या बोटांना टोचू नये म्हणून. "पत्र्याला कसली हो कॉलर?" ती हसायची. त्या कात्रीला तिने कधी हात लावला नाही, लावून उपयोगही नव्हता. ती डावरी. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात कापत नाही, नुसती चावते.

मग एका दुपारी छातीत कळ आली आणि मास्तर गेले. त्यांच्या चार महिन्यांच्या गोळ्या मात्र तिच्या ताब्यात राहिल्या.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिचा हात आपोआप त्यांच्या बशीकडे गेला. गोळी ठेवली, "घ्या" म्हणाली, आणि कामाला लागली. थोड्या वेळाने पाहते तर बशी रिकामी. अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मात्र तिला बरं वाटलं. घेतायत तर घेऊ देत बापडे, निदान नेम तरी चुकत नाही.

आणि मग ते दिसू लागले. अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटायचा, बोटं थरथरायची, सुईचं नेढं दिसेनासं व्हायचं. त्याच वेळी कोपऱ्यातल्या मशीनवर मास्तर बसलेले असायचे. पाठमोरे, गळ्यात टेप, मान डावीकडे कललेली. कधी वळून पाहिलं नाही त्यांनी. ती गोड चहा करून प्यायली की ते हळूहळू विरत जायचे. हे ध्यानात आल्यावर तिने चहाच सोडला.

तिची स्वतःची बीपीची पाकिटं मास्तरांच्या खणात पडून होती. "घे" म्हणणारं कोणी नव्हतं.

एक दिवस शेजारणीला ती मशीनपाशी बेशुद्ध सापडली. लेक धावत आली, मुक्कामाला राहिली आणि सकाळी टेबलाशी बसून बघत राहिली.

"आई! अगं, ती गोळी तू घेतलीस!"

"मी? काहीतरीच. ते घेतात."

"आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर. 'घ्या' म्हणालीस आणि स्वतःच्याच तोंडात टाकलीस."

काजवालीने बशीकडे पाहिलं. जिभेवर कडवट चव होती.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. ही गोळी साखर उतरवते, आजार नसताना उपाशीपोटी घेतली की घाम येतो, थरथर होते, भास होतात. असंच चाललं तर एक दिवस उठणार नाही. वर बीपी चढलेलं, ते वेगळंच.

"म्हणजे ही गोळी बंद केली की ते दिसायचे नाहीत?"

"नाही दिसायचे, आजी."

लेकीने बापाच्या सगळ्या गोळ्या औषधवाल्याला परत केल्या. सगळ्या म्हणजे तिला सापडल्या तेवढ्या. एक पाकीट काजवालीने आधीच बटणांच्या डब्यात तळाशी दडवलं होतं. लेक आपल्या घरी गेली आणि रोज सकाळी फोन करू लागली. "आई, घेतलीस बीपीची?" "घेतली," काजवाली बिनदिक्कत खोटं बोलायची.

आठ दिवस अकरा वाजले आणि गेले. घाम नाही, कोणी नाही. मशीनवर नुसतं फडकं. तिला त्यांची इतकी आठवण येत होती की रडण्याचंही त्राण उरलं नव्हतं. नवव्या सकाळी तिने ठरवलं, जे व्हायचं ते होवो, पण बघायचंच. तिने बटणांचा डबा उघडला आणि डावा हात तळाशी घातला.

हाताला गुळगुळीत काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर बीपीची गोळी. एक चौकोन, कापलेला. मग दुसरा, तिसरा. तिने डबा उपडा केला. बटणांत मिसळून तीस गोळ्या निघाल्या आणि साखरेची एकही नाही. एका चौकोनाच्या कडेवरून तिने बोट फिरवलं. चारी कोपरे गोल होते.

ती मास्तरांच्या खणाशी गेली. तिची पाकिटं तिथे नव्हती. कात्री होती, आणि पात्यांना चंदेरी कण चिकटलेले होते. लेक गोळी नखाने फोडते, कात्री कधी हातात धरत नाही. काजवालीने ती कात्री डाव्या हातात घेतली आणि एक कोपरा कापून पाहिला. पत्रा नुसता दुमडला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर तरी जाते, असं कोणी पाहिलंय?

तिने आपल्या बशीत एक गोळी काढली, पेला भरला आणि मशीनकडे पाठ करून उभी राहिली. वळून पाहायची फार इच्छा झाली. वळली नाही. गोळी गिळली.

फोन वाजला. "आई, घेतलीस?"

"घेतली. तुझ्या बाबांनी दिली."

लेकीने घाबरत विचारलं, "आई, घाम आलाय का गं तुला?"

काजवालीने कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ कोरडं होतं.