बुधवारचे कपडे

"पोरीच्या अंगातला राखणदार इमानी आहे गं, पण आजोबालाच चोर समजून बसलाय."

तोकुजी हे म्हणाले ते इस्पितळाच्या बाकावर. आत त्यांची दोन वर्षांची नात युझुहा सुजलेल्या ओठांनी श्वास ओढत होती. शेजारी त्यांची बायको सुमिए बसली होती. नवऱ्याचे हात मांडीवर उताणे पडले होते आणि नखांच्या कडांना पीठ होतं, तेवढं तिनं पाहिलं.

ते पीठ कुट्टू नावाच्या धान्याचं. जपानमधल्या शिन्शूच्या डोंगरातल्या त्या गावात तोकुजी चाळीस वर्षं आपल्या दुकानात त्याच्या शेवया, म्हणजे सोबा, लाटत आणि कापत होते. नातीला कुट्टूची अ‍ॅलर्जी आहे, सोबा चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी मुद्दाम गव्हाच्या जाड शेवया केल्या. पण उकळल्या त्या सोब्याच्याच पातेल्यात. पाण्याचा विचार कोण करतं? कशाकशानं त्रास होतो ते डॉक्टरांनी नंतर सगळं सांगितलं. पाणी, चमचा, हवेत उडालेलं पीठ, कुट्टूच्या टरफलांची उशीसुद्धा. आणि माणसाचे कपडे.

"पुन्हा असं झालं तर मी तिला तुमच्याजवळ आणणार नाही, बाबा," मुलगी चिझुरु म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. सुमिएला त्याचीच भीती वाटली.

गावात सल्ले फुकट मिळायचे. दुकानातलं जुनं गिऱ्हाईक, म्हातारा ओगिवारा, वाडगं तोंडाला लावून म्हणायचा, "रोज चिमूटभर चाटव रे. सवय होते पोरांना."

"तुला मी रोज चिमूटभर चोपतो," तोकुजी म्हणायचे. "बघू किती दिवसांत सवय होते."

गंमत अशी की त्यांचा स्वतःचा राखणदारही शहाणा नव्हता. मार्च लागला, डोंगरावरच्या सुगी नावाच्या देवदारासारख्या झाडांचा पिवळा पराग वाऱ्यावर सुटला, की त्यांचं नाक वाहू लागे आणि डोळे चोळून चोळून लाल होत. "झाडानं काय वाकडं केलंय माझं?" ते शिंकत म्हणत. मग नखांच्या कडा बघत बसत. सुमिएला कळायचं, ते आता नातीचा विचार करताहेत. यांना शिंका येतात, तिचा श्वास अडतो. राखणदाराची चूक एकच, पण किंमत वेगळी.

बुधवारी दुकान बंद. त्या दिवशी तोकुजी पहाटे सार्वजनिक स्नानगृहात जात. डोकं तीनदा धूत, नखांना ब्रश लावत. तिथल्या खणात एका बंद पिशवीत त्यांचे बुधवारचे कपडे असत. ते कधी घरी आले नाहीत. ते घालून, घरी न फिरकता, ते थेट चिझुरु राहायची त्या मात्सुमोतोची गाडी धरत. सुमिए दुकानाच्या आत कधी पाऊल टाकत नसे. तीही आंघोळ करून स्टेशनवर भेटे. चार वर्षं एकही बुधवार चुकला नाही.

मार्चमधल्या अशाच एका बुधवारी ते चिझुरुच्या घरी बसले होते. सहा वर्षांच्या युझुहानं दुपारी फर्मान काढलं, "आजोबा, हात द्या. उशी पाहिजे."

"माझा हात कडक आहे."

"मग मऊ करा."

ती दंडावर डोकं ठेवून झोपली. तोकुजी श्वाससुद्धा मोजून घेत होते. तेवढ्यात उघड्या खिडकीतून वारा आला आणि त्यांचं नाक हुळहुळलं. मोकळा हात कोटाच्या खिशात गेला, रुमाल अर्धा बाहेर आला आणि तिथेच थांबला.

सुमिएनं पाहिलं. निळा, दुकानातला, दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेला असायचा तो. सकाळी शिंकत निघताना नाकाला लावला असणार आणि तसाच बुधवारच्या कोटाच्या खिशात आला असणार. घडीत पिठाची पांढरी रेघ होती.

शिंक येत होती. तोकुजींनी ओठ दातांत धरले, डोळ्यांतून पाणी आलं, पण शिंकले नाहीत. रुमाल मुठीत दाबला. दंड इंच इंच काढून घेतला, त्या जागी गादीचा कोपरा सरकवला. मग उठून चिझुरुसमोर उभे राहिले आणि मूठ पुढे केली.

चिझुरुच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तिनं आधी खिडकी पूर्ण उघडली, मग श्वास अडला तर टोचायचं इंजेक्शनचं पेन हातात घेऊन मुलीजवळ बसली. ओठ पाहिले, मान पाहिली, छातीला कान लावला. अर्धा तास कुणी हललं नाही. तोकुजी जिन्याजवळ, दाराबाहेर, मूठ धरून उभे.

युझुहा उठली आणि जांभई देत म्हणाली, "माझी उशी कुठाय?"

चिझुरुनं पेन खाली ठेवलं. तिनं दाराबाहेरच्या वडिलांकडे पाहिलं. ते त्या रुमालात शिंकले असते आणि पीठ उडालं असतं तर काय झालं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी रुमाल लपवला असता, तर तिला कधी कळलंही नसतं.

"अहो, काही तरी बोला," सुमिए नवऱ्याकडे बघत पुटपुटली.

"बाबा," चिझुरु म्हणाली, "पुढच्या बुधवारी या. रुमाल मी इथे ठेवीन, नवीन. तुमचा आणू नका."

तोकुजींनी कमरेतून वाकून मान लववली, नेहमीपेक्षा खाली, आणि तसेच जरा वेळ राहिले. मग मूठ अंगापासून लांब धरून, ओल्या डोळ्यांनी जिना उतरून गेले.